शिल्लक दिवस दोनशे पंचावन्न

बुधवारी दुपारी एकला पाच कमी असताना संगमेशअण्णानं आपला फोन संयोगितापुढं धरला.

"मुरगूडच्या झुंबरबाईंचा डिस्प्ले गंडलाय बघ. कालचा फोटो हाय. सवडीनं बघ, घाई न्हाय."

फोटोत अंडी उबवायच्या यंत्राचा छोटा निळा पडदा होता. वर तापमान, मधे ओलावा आणि खाली एक ओळ : शिल्लक दिवस २५५.

संयोगितानं फोन हातात घेतला आणि ती खुर्चीतून उठलीच.

"अण्णा, तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"काय सांगणार? आकडा तेवढा चुकीचा दिसतोय, आत सगळं बरोबर चाललंय म्हटलं. दार उघडू नका, वाफ जाईल म्हटलं. तू काल पुण्याला गेलतीस सेन्सर आणायला, म्हणून मीच बोललो. का गं?"

"अंड्यांखालचे रूळ फिरतायत का, विचारलं?"

"त्याच म्हणत होत्या. सोमवारी गप बसलंतं, आज परत हलाय लागलंय म्हणून. मी म्हटलं, मशीनला कळतंय."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. दर तासाच्या ठोक्याला दोन मिनिटं रूळ फिरवायचे, हे संयोगितानंच त्या यंत्राला शिकवलं होतं. म्हणजे आत्ता, या मिनिटाला, ते फिरत होते.

गडमुडशिंगीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी यंत्रं तयार व्हायची. पत्राकाम आणि वायरिंगला तिघं होते. मालक संगमेश गडहिंग्लजकडचा, आणि यंत्राच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्राम लिहायला एकटी संयोगिता. सव्वीस वर्षांची, मंगळवार पेठेतून रोज स्कूटीवरून यायची. चार वर्षांत तिच्या प्रोग्रामनं हजारो पिल्लं बाहेर काढली होती.

कोंबडीचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटतं. पहिले अठरा दिवस ते सारखं फिरवत राहावं लागतं, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. अठराव्या दिवशी मात्र फिरवणं बंद करायचं आणि हवेतला ओलावा वाढवायचा. पिल्लू तेव्हा चोच वर करून बाहेर यायच्या तयारीला लागलेलं असतं. जुना प्रोग्राम हे बिनचूक करायचा. पण गिऱ्हाइकांना प्रत्येक कप्प्याचं तासातासाचं तापमान साठवून हवं होतं. ते साठवायचे ॲरे, म्हणजे आकड्यांच्या याद्या, वाढत गेले आणि स्वस्तातल्या त्या चिपची मेमरी पुरेना. म्हणून दिवाळीनंतर संयोगितानं सगळे ॲरे आणि बहुतेक व्हेरिएबल्स, म्हणजे एकेक आकडा ठेवायच्या जागा, आठ बिटांची, अनसाइन्ड करून टाकली. अनसाइन्ड म्हणजे बिनचिन्हाची. त्यात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचेच आकडे बसतात, उणे आकडा बसत नाही. जागा मात्र निम्मीच लागते. "अंडी काय उणे असत्यात व्हय? आणि दिवस?" असं ती अण्णाला हसत म्हणाली होती.

शिल्लक दिवस काढताना प्रोग्राम अठरातून झालेले दिवस वजा करत होता. अठराव्या दिवशी शून्य. एकोणिसाव्या दिवशी उणे एक. उण्याला जागाच नव्हती, म्हणून आकडा उलटा फिरून दुसऱ्या टोकाला गेला, दोनशे पंचावन्नवर. दोनशे पंचावन्न दिवस शिल्लक म्हणजे यंत्राच्या लेखी अंडी आजच ठेवलेली. फिरवा, आणि ओलावा कमी ठेवा.

तिनं चाचणी केली होती, ही गोष्ट तिला सगळ्यात जास्त टोचत होती. एक दिवस एका मिनिटाचा करून ती अठरा मिनिटं यंत्रासमोर बसली होती. शून्य आलं, मोटर थांबली, तिनं खुशीनं लॅपटॉप मिटला. आणखी एकच मिनिट बसायला हवं होतं.

"अण्णा, नवा प्रोग्राम अजून दोघांच्यात टाकलाय. एक कागलला, एक कळ्याला. त्यांची अंडी अजून दहा-बारा दिवसांचीच असतील. त्यांना आत्ता फोन करा, अठराव्या दिवशी मोटरची वायर उपसायला सांगा. मी झुंबरमावशींना लावते."

झुंबरबाईचा फोन वाजत राहिला. सात वेळा लावला, सात वेळा वाजून बंद झाला.

संयोगिताला रडू येत होतं, पण त्याला वेळ नव्हता. झुंबरबाईच्या त्या यंत्रात एकशे चाळीस अंडी होती आणि ती साधी अंडी नव्हती. अकरा वर्षं त्या बाईनं आपल्या कोंबड्या निवडत, पारखत वाढवल्या होत्या. काळ्या, पांढऱ्या मानेच्या, रोगाला न बधणाऱ्या. लांबलांबची माणसं बघायला यायची. तीन आठवड्यांपूर्वी भटक्या कुत्र्यांनी जाळी फाडली आणि एका पहाटेत सगळा खुराडा संपवला. बेचाळीस कोंबड्या, तीन कोंबडे. आदल्या दहा दिवसांत जमवलेली अंडी तेवढी राहिली. ती घेऊन बाई शेडवर आली होती. आपल्या जुन्या यंत्रात नवा प्रोग्राम भरून घेताना म्हणाली होती, "पोरी, ह्यातनं माझं बियाणं राहिलं तर राहिलं. न्हायतर ही जात संपली म्हण."

मुरगूडचंच दुसरं एक गिऱ्हाईक होतं, केरबा. बस स्टँडजवळ पंक्चरचं दुकान, घरी चाळीस अंड्यांचं छोटं यंत्र. संयोगितानं त्याला फोन लावला.

"केरबादादा, झुंबरमावशींच्या घरी जा. पळत जा. मशीनची मोटर बंद करायला सांगा."

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "म्याडम, घराला कुलूप हाय. आतनं फोन वाजालाय, तुमचाच आसंल. शेजारीण म्हणती, बाई गारगोटीला भाचीच्या पोराच्या बारशाला गेलीया. मशीनला हात लावू नका म्हणून सांगितलंय म्हणं कुणी, म्हणून निवांत गेली. तीनच्या यष्टीनं येतोय म्हणालीया."

"दादा, कुलूप फोडा."

पलीकडं केरबा शेजारणीशी काहीतरी पुटपुटला.

"दादा, ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय की. पर बाईमाणसाचं बंद घर मी कसं फोडू? तिच्या दिराचा आन् माझा गटारीवरनं वाद हाय. दोन वर्सं बोलत न्हाय आमी. उद्या म्हणंल, केरबानं घर फोडलं. गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाय मला."

"मग मीटरजवळचा मेन स्विच पाडा. तो बाहेर असेल."

खट्‌ असा आवाज तिला फोनवर ऐकू आला. मग केरबाचा आवाज. "पाडला. पर आत कायतरी पीं पीं वाजालंय, आन् मशीनचा आवाज हाय तसाच हाय."

बॅटरी. लाईट गेली तर पिल्लं गारठू नयेत म्हणून गेल्या वर्षी तिनंच ती बसवून दिली होती. सहा तास चालणारी.

"राहू दे. स्विच वर करा," ती म्हणाली. "मी येते."

दीडला ती स्कूटीवर बसली. हायवेपर्यंत रस्ता मोकळा होता, पण कागल सोडून मुरगूडच्या वाटेला लागली आणि उसाचे ट्रॅक्टर आडवे आले. गळिताचा हंगाम. एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर टांगता ऊस, आणि समोरून तशीच रिकामी परतणारी रांग. ओव्हरटेक करायला जाताना एकदा ती कच्च्यात उतरली, स्कूटी घसरली, पाय टेकून कशीबशी सावरली. ट्रॅक्टरवाला ओरडला, "ए बाई, मरायचंय व्हय?" तिनं मागं बघितलं नाही.

बरोबर दोन वाजता ती दोन ट्रॉल्यांच्या मधे अडकली होती. हँडलला लावलेल्या फोनवर आकडे बदलले, १:५९ चे २:०० झाले, आणि चाळीस पन्नास किलोमीटरच्या त्या रस्त्यावर कुठंतरी मधे असताना तिला रूळ फिरताना दिसायला लागले. विसावा दिवस. निम्म्या अंड्यांना आतून चोच लागलेली असणार. काही पिल्लं बाहेरही आली असतील, ओली, उभंही राहता येत नसलेली. आणि खाली लोखंडी रूळ. ती मोठ्यानं म्हणाली, "थांब, थांब," पण कुणाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही. हॉर्नवरचा अंगठा तिनं काढलाच नाही.

मुरगुडात पोचली तेव्हा तीनला बारा कमी होते. झुंबरबाईच्या दारात केरबा उभा होता, शेजारच्या दोन बायका होत्या. दाराला जुनं पितळी कुलूप.

"पहार आहे?"

केरबानं तिच्याकडं बघितलं. तिच्या पायाला लागलेला चिखल बघितला. तो गेला आणि दुकानातून पहार घेऊन आला.

"फोडणार मी आहे," संयोगिता बायकांकडं वळून म्हणाली. "माझं नाव संयोगिता इंगवले. गडमुडशिंगीहून आलीय. मावशींनी विचारलं तर माझं नाव सांगा. ह्यांचा काही संबंध नाही."

पहिला घाव हुकला आणि चौकटीचा ढलपा उडाला. दुसऱ्यानं कडी वाकली. तिसऱ्याला पहार तिच्या हातातनं निसटली तेव्हा केरबा पुढं झाला. "सरका म्याडम. आता जे व्हईल ते व्हईल." त्यानं एकाच हिसक्यात कोयंडा उपटला.

मागच्या खोलीत यंत्र गुणगुणत होतं. पडद्यावर शिल्लक दिवस २५४. ओलावा बेचाळीस, जिथं सत्तर हवा होता. तिनं मागची पट्टी काढली आणि मोटरची वायर मुठीत धरून उपसली. तीनला चार मिनिटं होती. तीन वाजले. यंत्राच्या आत कुठंतरी टक्‌ झालं, पण काही हललं नाही.

मग तिनं काचेतून आत बघितलं.

सात-आठ पिल्लं बाहेर आलेली होती. त्यातलं एकच हलत होतं. बाकीची रुळांच्या फटीत होती, आणि ती कशी होती ते संयोगितानं पुढं कुणालाही सांगितलं नाही. बरीच अंडी टोचलेली होती, पण भोकाच्या आतला पांढरा पडदा वाळून कागदासारखा कडक झाला होता. त्या कागदामागं कुठंकुठं एक चोच उघडत होती, मिटत होती. आवाज मात्र येत होता. बारीक, न थांबणारा चिवचिवाट.

तिचा फोन वाजला. संगमेश होता.

"पोचलीस? ऐक, दोघांस्नी सांगितलंय मी, तिकडं काय धोका न्हाय. आणि झुंबरबाईला काय सांगायचं ते मी विचार केलाय. व्होल्टेज खालीवर झालं म्हण. गावाकडं होतंयच की ते. चिप गंडली म्हण."

"अण्णा, मी नंतर बोलते," म्हणून तिनं फोन ठेवला.

केरबाच्या घरून गरम पाणी आलं. संयोगितानं पंचे भिजवून, पिळून यंत्राच्या तळाशी ठेवले. काच धुरकट झाली, ओलावा पंचावन्नवर आला. एवढ्यात बाहेर गलका झाला आणि झुंबरबाई आत आली. पन्नाशीची, सडपातळ, बारशाचं नवं लुगडं नेसलेली, हातात पेढ्यांची पिशवी. मोडलेला कोयंडा तिनं बघितला होता. आता तिनं यंत्र बघितलं. काचेवरची वाफ हातानं पुसायला गेली, पण वाफ आतून होती.

"काय झालं?" ती हळूच म्हणाली. "लाईट गेलती व्हय?"

उत्तर तिनं स्वतःच देऊन ठेवलं होतं. संयोगितानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. केरबा दारात उभा होता, तोही काही बोलला नसता. हो म्हणायचं, आणि घरी जायचं. त्या एका क्षणात तिला ते फार, फार हवंसं वाटलं.

"न्हाय मावशी. लाईट न्हवती गेली. माझ्यानं चूक झाली."

"तुझ्यानं?"

"प्रोग्राममध्ये. दिवस मोजायला मी असा आकडा वापरला, की जो शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. अठरा दिवस भरल्यावर तो उलटा फिरून दोनशे पंचावन्न झाला. मशीनला वाटलं, अंडी आजच ठेवलीत. म्हणून ते फिरवत राहिलं. दोन दिवस."

झुंबरबाई पिशवी हातातच धरून उभी होती.

"मी काल फोन केलता," ती म्हणाली. "म्हटलंतं, हे हलालंय म्हणून. मला कळत हुतं. कोंबडी बी शेवटच्या तीन दिसात अंडी हलवत न्हाय, मला काय म्हाईत न्हाय व्हय ते? वायर मी उपसणारच हुतो. पर तुमी शिकल्याली माणसं. तुमी म्हणला, मशीनला कळतंय."

संयोगिता खाली बसली. आतापर्यंत आवरलेलं रडं एकदम आलं, तोंडावर हात धरूनही आवरेना. झुंबरबाईनं तिला उठवलं नाही, समजूतही घातली नाही. पिशवी खुंटीला अडकवली, पदर खोचला.

"रड नंतर," ती म्हणाली. "जित्ती किती हायत ते बघूया. केरबा, घमेलं आण. आन् पाणी कोमट पायजे, ऊन न्हवं."

न टोचलेली अंडी तिनं एकेक करून कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडली. "टक लावून बघ. आत जीव आसंल तर अंडं आपआपलं हलतंय." पाणी स्थिर झालं. काही अंडी नुसतीच तरंगत राहिली. एक जरासं कलंडलं, पुन्हा कलंडलं. "हे ठेव." जे हलत नव्हतं ते ती दुसऱ्या टोपलीत ठेवत गेली, आणि ती टोपली लवकर भरत होती.

टोचलेल्यांना पाण्यात सोडता येत नव्हतं. तिथं झुंबरबाईनं खोबरेल तेलात बोट बुडवून वाळलेल्या पडद्यावर थेंबथेंब सोडलं, आणि पडदा मऊ झाल्यावर नखानं तिळाएवढा तुकडा काढला. "लई न्हाय सोलायचं. रगत दिसलं की थांबायचं. बाकीचं त्येचं त्यानं करायचं." संयोगिता शिकली. तिच्या हातातली दोन पिल्लं मेली, तिसऱ्यानं डोकं बाहेर काढलं. तिन्हीसांजेपर्यंत दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. पेढ्यांची पिशवी खुंटीवर तशीच होती.

घरी फोन करून संयोगिता तिथंच राहिली.

गुरुवारी सकाळी संगमेश आला. तो दारातून आत येईना. झुंबरबाई बाहेर गेली तेव्हा त्यानं हात जोडले. "मावशी, तिची चूक प्रोग्रामची. पण तुम्ही विचारलंत तेव्हा काही न बघता मी बोललो. ते माझं."

झुंबरबाईनं टोपलीकडं बोट केलं. एकाहत्तर अंडी होती त्यात, आणि वरून फडक्यात गुंडाळलेली पिल्लं.

"मागच्या अंगाला कुदळ हाय. खोल काढ खड्डा, कुत्री उकरत्यात."

संगमेशनं पॅंट दुमडली आणि तासभर तो खणत राहिला. त्याला कुणी चहा विचारला नाही. खड्डा बुजवून झाल्यावर झुंबरबाईनं त्याच्या हातावर पाणी घातलं, तेवढंच.

त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत चौतीस पिल्लं बाहेर आली, बाकीची अंडी फुटलीच नाहीत. शुक्रवारी त्यातली सहा गेली, शनिवारी तीन. संयोगितानं शेडवर जाऊन ते एक व्हेरिएबल साइन्ड, म्हणजे उणे आकडा बसेल असं केलं, मग प्रोग्राममधलं प्रत्येक अनसाइन्ड एकेक करून तपासलं. सत्तावीस होती. आणखी दोन ठिकाणी तशीच वजाबाकी सापडली. कागलला आणि कळ्याला ती स्वतः जाऊन आली. नव्या प्रोग्रामच्या जाहिरातीसाठी अण्णानं छापलेली पत्रकं तशीच गठ्ठ्यात पडून राहिली. त्यानंही त्यांचा विषय काढला नाही.

रविवारी ती पुन्हा मुरगूडला गेली, सोबत चिकटपट्टी आणि कापूस घेऊन. खोक्यात दिव्याखाली पंचवीस पिल्लं होती, काळी, मानेवर पांढुरका पट्टा धरू लागलेली. त्यातल्या पाचांचे पाय वाकडे होते, बोटं मुठीसारखी आवळलेली.

"ह्यात कोंबडे किती, कोंबड्या किती?" तिनं विचारलं.

"आत्ताच कुठं कळतंय? दीड म्हैना जाऊंदे." झुंबरबाई खाली बसली. "सगळे कोंबडेच निघाले तर संपलंच. न्हायतर बघू. एकाच घरची हायत सगळी, जोड लावताना बी जपाय लागंल. माझ्या हयातीत पैल्यासारखं हुतंय का, द्येवालाच म्हाईत."

"मावशी, मी..."

"आता ते बोलू नगंस. सारखं बोलून काय हुतंय? त्येला धर आधी. पाय सरळ कर, पर जोर लावू नगंस."

संयोगितानं पिल्लू मुठीत घेतलं. ते गरम होतं आणि त्याच्या अंगात काहीच वजन नव्हतं. तिनं एका हातानं बोटं उलगडून धरली, झुंबरबाईनं खाली पुठ्ठ्याचा बारका तुकडा लावला आणि वरून पट्टी चिकटवली. पिल्लानं रागानं पाय झाडला.

"झाडतंय म्हणजे ताकद हाय," झुंबरबाई म्हणाली. "दुसरं धर."